डॉक्टरांचे मत आणि कोर्टाचा निकाल

श्रोतेहो, गावात मारामारी झाली, विहिरीत कुणाचे प्रेत तरंगताना दिसले, किंवा सासुरवाशीण जळाली, की दोन दिवसांनी चावडीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "डॉक्टरचा रिपोर्ट काय आला?" जणू काय त्या कागदाच्या घडीत निकाल बांधून ठेवला आहे आणि तो नुसता उलगडून वाचायचा आहे! रिपोर्ट आपल्या बाजूचा आला तर डॉक्टर देवमाणूस, उलट आला तर "पैसे खाल्ले." या दोन्ही समजुतींत फारसे तथ्य नाही. डॉक्टर निकाल देत नाही. तो मत देतो. ते मत कशावर उभे राहते, त्याची ताकद किती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे आज आपल्याला सांगावे असे मनात आहे. कारण या मर्यादा ठाऊक नसल्यामुळे निरपराध माणसे तुरुंगात गेली आहेत, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या बायाबापड्या खोट्याही ठरल्या आहेत.

कायद्याचा साधा नियम असा, की साक्षीदाराने आपण पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे. "मला वाटते" असे त्याने सांगू नये. या नियमाला अपवाद आहे तो तज्ज्ञाचा. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात ४५ वे कलम या अपवादाचे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते ३९ वे कलम झाले आहे. आकडा बदलला, गाभा तोच राहिला. म्हणजे डॉक्टर कोर्टात दोन नात्यांनी उभा असतो. जखम डोक्यावर होती, चार सेंटिमीटर लांब होती, तीतून रक्त वाहत होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून तो साधा साक्षीदार. ही जखम धारेच्या हत्याराची नसून बोथट वस्तूची आहे, हे तो आपल्या विद्येच्या बळावर सांगतो, तेव्हा तो तज्ज्ञ. पहिली गोष्ट कच्ची राहिली तर दुसरीला आधारच उरत नाही.

आपल्या देशात ही विद्या नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आकस्मिक मृत्यू आलेल्या माणसाच्या प्रेताची तपासणी कशी करावी, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रेताला तेल लावून ते तपासावे असे तो सांगतो. अलीकडच्या काळात जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ १९२० साली निघाला, आणि आजही कोर्टात वकील मंडळी "मोदी काय म्हणतो?" असे विचारून डॉक्टरांना घाम फोडतात. पण पुस्तक पाठ असणे ही या कामातली सोपी बाजू आहे. अवघड आहे ते समोरचे शरीर नीट पाहणे आणि पाहिलेले तिथल्या तिथे लिहून ठेवणे.

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. बांधावरून भांडण झाले. पोलिसांची यादी घेऊन जखमी माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो. डोक्याची कातडी चिरलेली, कडा सरळ, अगदी विळ्याने कापल्यासारख्या. फिर्यादी म्हणतो, "कुऱ्हाड मारली." आरोपी म्हणतो, "मी काठीसुद्धा उगारली नाही." वरवर पाहणारा लिहील, "धारदार हत्याराची जखम." पण डोक्याची कातडी कवटीवर ताणून बसवलेली असते. तिच्यावर काठीचा दणका बसला की ती हाडावर दबून सरळ रेषेत फुटते, आणि कापल्यासारखी दिसते. म्हणून भिंग घेऊन पाहावे लागते. कडा किंचित ठेचलेल्या आहेत का? केसांची मुळे चिरडली आहेत का? जखमेच्या आत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धाग्यासारखे तंतू शिल्लक आहेत का? हे सारे असेल तर ती काठी किंवा दगड. तंतू आणि केस स्वच्छ कापले गेले असतील तर धार. पाठीवर काठी बसली असेल तर पुष्कळदा रुळांसारख्या दोन समांतर लाल रेषा उठतात आणि मधली कातडी स्वच्छ राहते. एवढे बघायला पाच मिनिटे पुरतात. मात्र ती पाच मिनिटे मलमपट्टी करण्यापूर्वीची असावी लागतात. टाके पडल्यावर ही खूण पुन्हा कुणालाच पाहता येत नाही. अर्थात रक्त वाहत असेल तर आधी जीव वाचवायचा, नोंद मागून. याबद्दल दुमत नाही.

इथे आणखी एक घोटाळा होतो, तो 'साधी' आणि 'गंभीर' या शब्दांचा. परातभर रक्त गेले, शर्ट लाल झाला, तरी कायद्याने ती दुखापत साधी असू शकते. उलट करंगळीचे हाड मोडले किंवा एक दात पडला, तर ती गंभीर! भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. डोळा, कान, सांधा किंवा अवयव निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे, जिवाला धोका होणे, असे ते प्रकार आहेत. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचा कामधंदा करता आला नाही तर दुखापत गंभीर धरीत. नव्या कायद्यात ती मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. तेव्हा डॉक्टर एक्स-रे पाहिल्याशिवाय "मत राखून ठेवले" असे लिहितो, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. गावचा पुढारी दवाखान्यात येऊन "डॉक्टरसाहेब, जरा गंभीर लिहा की" म्हणतो, तेव्हा तो आपल्याच माणसाची केस बिघडवीत असतो. हाड मोडल्याचे लिहायचे आणि एक्स-रेत हाड शाबूत, म्हणजे उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला सगळा कागद फाटला.

जखम किती जुनी, हाही असाच नाजूक प्रश्न आहे. मुका मार आधी लाल, मग निळसर-काळा, पुढे हिरवट, मग पिवळा, आणि पंधरवड्यात नाहीसा, अशी उतरंड आम्हाला शिकवलेली असते. ती खोटी नाही, पण माणसागणिक, जागेगणिक, कातडीच्या रंगागणिक ती मागेपुढे होते. मारानंतर १८ तासांच्या आत पिवळा रंग सहसा दिसत नाही, एवढे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. "मंगळवारी सायंकाळी सहा वाजताचाच मार" असे रंगावरून कोणी सांगू लागला, तर तो ज्योतिषी म्हणावा.

पुढे पोलीस ती काठी किंवा कोयता मोहोरबंद करून पाठवतात आणि विचारतात, या हत्याराने ही जखम होऊ शकेल काय? डॉक्टर लिहितो, "शक्य आहे." बस्स! गावात बोभाटा होतो, "डॉक्टरने सांगितलं, ह्याच कोयत्याने मारलं." डॉक्टरने तसे मुळीच सांगितलेले नसते. तशा लांबी-रुंदीच्या दुसऱ्या दहा कोयत्यांनीही ती जखम होऊ शकते. 'शक्य', 'संभवनीय' आणि 'निश्चित' हे तीन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. कोर्टात त्या तिघांत माणसाच्या आयुष्याचे अंतर असते. आणि कोयता कोणाच्या हातात होता, हे तर जखम कधीच सांगत नाही.

मग डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एक सांगतो आणि डॉक्टर दुसरे, तर काय? गुजरातच्या सोळंकी चिमणभाई खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. वैद्यकीय पुरावा हा मुख्यतः पुष्टीचा. सांगितल्याप्रमाणे जखमा होऊ शकत होत्या, एवढेच त्याने सिद्ध होते. मात्र साक्षीदार सांगतो तसे घडणे शरीराच्या दृष्टीने अशक्यच आहे असे दिसले, तर साक्षीदाराला बाजूला ठेवावे लागते. म्हणजे डॉक्टरच्या मताचे खरे बळ पुष्कळदा 'होय' म्हणण्यापेक्षा 'हे होणे नाही' म्हणण्यात असते.

आता प्रेताकडे वळू. विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही. माणूस मरतो तेव्हा रक्ताचे वाहणे थांबते आणि ते पाण्यासारखे खालच्या बाजूला उतरून साकळते. पाठीवर निजवलेल्या प्रेताच्या पाठीवर काही तासांत जांभळे डाग पडतात. आंघोळ घालताना ते दिसतात आणि घरात आकांत होतो, "मारून मारून काळानिळा केला हो!" अशा डागांवरून दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आल्याचे मी पाहिले आहे. चीर देऊन पाहिले की फरक कळतो. माराच्या जागी रक्त मांसात झिरपून घट्ट बसलेले असते आणि पाण्याने धुतले तरी जात नाही. मेल्यानंतरच्या डागातले रक्त शिरांतच असते, ते पुसले जाते. प्रेताला मुंग्या लागल्या तर कातडी सोलवटल्यासारखी दिसते, तेही खरचटणे नव्हे. उन्हाळ्यात प्रेत लवकर फुगते, जीभ बाहेर येते, तेवढ्यावरून गळा दाबला असे होत नाही.

गळफास घेतलेला माणूस आणि गळा आवळून मारून मग टांगलेला माणूस, यांत भेद कसा करायचा? साधारणपणे फासाचा वळ गळ्याच्या वरच्या भागात, तिरपा आणि गाठीच्या जागी तुटलेला असतो. आवळल्याचा वळ खालच्या बाजूला, आडवा आणि सभोवार असतो. 'साधारणपणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. दोर कसा, गाठ कुठे, पाय जमिनीला टेकलेले की अधांतरी, यांवर वळ बदलतो. म्हणून डॉक्टर मरणोत्तर पंचनामा मागतो. पोलीस पाटलांनी खबर दिली, फौजदार आले, पंच जमले, आणि तोवर गावाने माया म्हणून दोर कापून, गाठ सोडवून, मयताला स्वच्छ कपडे घातलेले! कळवळा खरा, पण पुरावा गेला. जीव असण्याची आशा असेल तर दोर तत्काळ कापावा, मात्र गाठ सोडवू नये, गाठीपासून दूर कापावा. जीव गेल्याची खात्रीच असेल तर पोलीस येईपर्यंत हात लावू नये.

विहिरीतल्या प्रेताचेही तसेच. नाकातोंडाशी पांढरा, बारीक, साबणासारखा फेस दिसला तर माणूस जिवंतपणी पाण्यात पडला असण्याकडे मत झुकते. पण तो पडला, त्याने उडी घेतली, की त्याला ढकलले, हे फेस सांगत नाही. तिथे डॉक्टरने थांबले पाहिजे. काठावरची घसरण, चप्पल, घागर, घरातली भांडणे, हा तपास पोलिसांचा.

'औषध प्यायला' म्हणून आलेल्या प्रकरणांत पोट, आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंडांचे भाग बरणीत भरून, बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. मुंबई, नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी त्या प्रयोगशाळा आहेत. तो अहवाल येईपर्यंत "मत राखीव, व्हिसेरा राखून ठेवला" असेच लिहिलेले तुम्हाला दिसेल. सर्पदंशाने घरचा माणूस गेला की पुष्कळ जण "आता चिरफाड कशाला?" म्हणून परस्पर अग्नी देतात. पुढे अपघाती मदतीचा अर्ज करायला गेले, की शवविच्छेदनाचा अहवाल मागितला जातो आणि विधवेचे हेलपाटे सुरू होतात. दुःखाच्या वेळी हे सांगणे कठोर वाटते, पण गावातल्या शहाण्या माणसाने ते सांगायलाच हवे.

येथवर डॉक्टरने काय पाहावे ते झाले. त्याने कुठे थांबावे हे कळण्यासाठी एक विलायतेतला खटला सांगतो. सॅली क्लार्क नावाच्या एका वकीलबाईंची दोन तान्ही बाळे, एक १९९६ साली आणि दुसरे १९९८ साली, घरात अचानक दगावली. आईनेच मारली असा आरोप आला. रॉय मेडो हे बालरोगतज्ज्ञ, मोठे नाव, साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, अशा सुस्थितीतल्या घरात दोन मुले अशी आपोआप दगावण्याचा संभव ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा काढला कसा? एक मूल दगावण्याचा संभव ८,५४३ त एक, म्हणून त्याला त्यानेच गुणले! पण एकाच आईबापांची दोन मुले. पहिल्याला जो अनुवंशिक दोष असेल तो दुसऱ्यालाही असू शकेल की नाही? नाणे उडवण्याचा हिशेब इथे चालत नाही. शिवाय हा हिशेब बालरोगतज्ज्ञाच्या विद्येतला नव्हेच. १९९९ साली त्या आईला जन्मठेप झाली. पुढे ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. त्यानंतर उघड झाले, की दुसऱ्या बाळाच्या शरीरात रोगजंतू सापडल्याचा तपासणी अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने पुढे ठेवलाच नव्हता. २००३ साली ती सुटली आणि २००७ साली वारली. तीन वर्षांवर तुरुंगात, आणि कपाळावर मुले मारल्याचा डाग! एका तज्ज्ञाने आपली वेस ओलांडली, दुसऱ्याने सोयीचे तेवढेच सांगितले.

आपल्याकडची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि ती आपल्या चंद्रपूर भागातली आहे. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी तिची तपासणी झाली. वय चौदा ते सोळा असावे, अंगावर इजा नाही, असे डॉक्टरांनी नोंदवले. पाहिले ते लिहिले. पण 'इजा नाही' या दोन शब्दांचे पुढे काय झाले पाहा. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने दोषी धरले. भीतीने गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या खंडपीठाचे म्हणणे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले, आणि अंगावर खुणा नाहीत म्हणजे प्रतिकार नव्हता, हे एक मोठे कारण दिले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून विचारले, रात्री पोलीस ठाण्यात, दोन शिपायांपुढे, एवढीशी मुलगी झगडणार कशी? त्यातून देशभर चळवळ उठली आणि १९८३ साली कायदा बदलला.

श्रोतेहो, या खटल्यातून डॉक्टरांनी घ्यायचा धडा मोठा आहे. खूण न सापडणे ही एक नोंद आहे, तो निष्कर्ष नव्हे. धमकी असेल, भीतीने अंग लाकडासारखे झाले असेल, तपासणीला उशीर झाला असेल, तर खूण राहत नाही. म्हणून आज जाणता डॉक्टर नुसते "इजा नाही" लिहून थांबत नाही. "इजा आढळली नाही, मात्र त्यावरून अत्याचार झाला नाही असे म्हणता येत नाही, कारण तपासणी अमुक तासांनी झाली व मधे आंघोळ झालेली आहे," असे तो कारणासह लिहितो. पूर्वी बोटांनी तपासणी करून स्त्रीला 'सवय' आहे की नाही असले शेरे मारीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्या चाचणीचा निषेध केला, २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती मोडीत काढली, आणि अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे २०२२ साली न्यायालयाने बजावले. शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती नव्हे, हे तर आता कायद्याच्या कलमातच आहे.

पीडितेच्या तपासणीविषयीचे कलम, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १८४ वे, सांगते की खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत तिला डॉक्टरकडे पाठवावे, तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी, अहवाल सात दिवसांत जावा, आणि प्रत्येक निष्कर्षाचे कारण त्यात नेमके लिहावे. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. कारण लिहिले म्हणजे ते तपासता येते. न्यायाधीश डॉक्टर नसतो. त्याला मत पडताळून पाहण्याची कसोटी हाती द्यायची, हेच तज्ज्ञाचे काम. बिनकारणाचे मत म्हणजे नुसता सही-शिक्का.

घरच्यांनी काय करावे? मुलीला आंघोळ घालून, कपडे धुऊन मग दवाखान्यात नेऊ नये. त्या वेळचे कपडे कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, त्यात ओल धरते आणि पुरावा कुजतो. साधारण चार दिवसांपर्यंत नमुने घेता येतात, म्हणून उशीर झाला तरी जावेच. आणि आंघोळ झाली असेल तरी जावे, तपासणी वाया जात नाही. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर फिर्याद नोंदवण्याआधीही तपासणी होऊ शकते. मुलगी असेल तर डॉक्टर स्त्रीच असावी लागते. उपचार मात्र सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाला नाकारता येत नाहीत, आणि ते विनामूल्य द्यावे लागतात.

भाजलेल्या माणसाच्या मृत्युपूर्व जबाबाबद्दल दोन शब्द. "रुग्ण शुद्धीवर असून जबाब देण्यास समर्थ आहे," असा शेरा डॉक्टर देतो. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायाधीशांनी ठरवले, की असा शेरा नसला म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही. जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली असली तर तो ग्राह्य धरता येतो. आणि डॉक्टरच्या हलगर्जीपणाची तक्रार असेल, तर जेकब मॅथ्यू खटल्यातील २००५ च्या निकालाप्रमाणे फौजदारी कारवाईपूर्वी दुसऱ्या जाणकार, निःपक्षपाती, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे लागते. एका डॉक्टरने दुसऱ्याला वाचवावे म्हणून ही सोय नाही. उपचार फसला म्हणजे हयगय झाली असे नव्हे, हा फरक जाणकारालाच कळतो म्हणून आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींशी थोडे बोलायचे आहे. वय किती, या एका प्रश्नावर पुष्कळ खटले उभे राहतात किंवा कोसळतात. आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर तो बाल न्याय मंडळापुढे जातो. पीडित मुलगी अठराच्या आतली असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही. आणि डॉक्टर वय सांगतो कशावरून? दातांवरून आणि हाडांवरून. दुसरी दाढ बारा ते चौदा वर्षांत येते. अक्कलदाढ सतरापासून पंचविशीपर्यंत केव्हाही येते, कुणाला येतच नाही. कोपर, मनगट, कंबर यांच्या हाडांची टोके ठराविक वयात जुळतात, मुलींची मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षे आधी. त्यातही आहार, आजार, कष्ट यांनी फरक पडतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटले, की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक धरावी. डॉक्टर "सतरा" म्हणाला तर ती मुलगी पंधराची असेल किंवा एकोणिसाचीही असेल! यापुढे विज्ञानाचा हात पोहोचत नाही.

म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्याने हाडांची तपासणी शेवटच्या पायरीवर ठेवली आहे. पहिल्या पायरीवर शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र आहे. ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच डॉक्टर. म्हणजे गुरुजी, डॉक्टरांच्या आधी कोर्ट तुम्हाला विचारते! आणि आपल्याकडे एक पिढीच्या पिढी १ जूनला जन्मली आहे. पालकांना तारीख ठाऊक नाही, शाळेत घालायची घाई, गुरुजींनी १ जून टाकून दिली. लग्नाबिग्नाला त्याने काही अडले नाही. पण त्याच तारखेवर कुणाची वीस वर्षे सक्तमजुरी ठरायची असेल, तर वकील विचारणारच, "ही तारीख कुणी सांगितली? कोणत्या कागदावरून घेतली?" १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की तारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली याचा पुरावा नसेल, तर शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीला वजन नाही. २०२३ च्या एका निकालात नुसता शाळा सोडल्याचा दाखला न्यायालयाने पुरेसा मानला नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखलाच प्रमाण आहे, पण ती मुले पहिलीत यायला अजून अवकाश आहे. तोवर प्रवेश देताना जनरल रजिस्टरात जन्मतारखेसमोर ती कशावरून घेतली, ग्रामपंचायतीचा दाखला असेल तर त्याचा क्रमांक, तोंडी सांगितली असेल तर सांगणाऱ्याचे नाव, नाते आणि सही किंवा अंगठा, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे. साक्षीचे समन्स आले तर मूळ रजिस्टर बरोबर न्यावे. नुसत्या झेरॉक्सवर काम भागत नाही.